हाउएव्हरच्या पलीकडचं

भाऊ, तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या म्हणून वाचनालयाची माणसं काल येऊन गेली. तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात लिहिणारं माणूस आता एकच उरलं हे त्यांनी बरोबर हेरलं. वाशीमच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसून भाऊंनी पंचवीस-तीस वर्षं अडल्यानडल्यांचे अर्ज लिहिले, भाऊ देवमाणूस होते, असं काहीसं त्यांना हवं आहे. ते मी देईन. तसला मजकूर लिहायला मी तुझ्याच हाताखाली शिकले. हा कागद मात्र त्यांच्यासाठी नाही. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून तुझ्या जुन्या मसुद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे, आणि तू वाचणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळेच हात इतका सरळ चालतो आहे.

तुझ्या बाजूचं आधी लिहिते.

चौदाव्या वर्षी मी कुंकू पुसून तुझ्या दारात परत आले. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, वडील गेल्यापासून घरातला कर्ता. दहाव्या दिवशी काकांनी न्हाव्याला बोलावून आणलं. मला मागच्या अंगणात पाटावर बसवलं होतं. न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता आणि तू जेवता जेवता उठून उष्ट्या हाताने बाहेर आलास. काकांसमोर कधी मान वर न करणारा तू, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालास, "काका, इच्या केसाले हात लागाचा नाई. ज्याले लाज वाटत असंन त्यानं माह्या घरी येऊ नये."

काका त्यानंतर आपल्याकडे पाणी प्यायले नाहीत. वहिनीची हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, आणि तिने त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. तूही कधी ते बोलून दाखवलं नाहीस. आज माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण ते डोक्यावर आहेत ते तुझ्यामुळे. हे मी चारचौघांत सांगेन, कुणी विचारलं नाही तरी सांगेन.

मग इंग्रजी. तीही तूच दिलीस, पण त्यात तुझी गरज होती हे आता बोलायला हरकत नाही. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कचेरीतल्या शिरस्तेदाराने तुझा एक अर्ज वाचता येत नाही म्हणून परत केला, तेव्हा तू घरी येऊन माझी पोथीची नक्कल पाहिलीस आणि दुसऱ्या दिवशी चार रेघांची वही आणलीस. सहा महिन्यांत मी तुझ्या मसुद्यांच्या साफ नकला करायला लागले. अर्थ कळत नव्हता. रांगोळी काढावी तशी मी इंग्रजी काढत होते. सकाळी तू झाडाखाली माणसाची हकिगत ऐकून मसुदा करायचास, दुपारी मी घरी नक्कल करायची, दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा घेऊन अर्ज आत जायचा. तुझ्या अर्जांच्या अक्षराची तारीफ पार अकोल्यापर्यंत गेली. अक्षर कुणाचं, असं कुणी विचारलं की तू सुपारी कातरायला घ्यायचास.

प्रत्येक अर्जात एक शब्द हटकून यायचा, मजकूर निम्म्यावर आला की. पहिलं अक्षर मोठं, शब्द संपला की स्वल्पविराम. बाकीचे शब्द बदलत, हा बदलत नसे. एक दिवस मी विचारलं, हा कोण आहे? तुला इतका आनंद झाला की तू चहा तसाच ठेवून दिलास. तुझ्यातला मास्तर बाहेर आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तू म्हणालास, याला हाउएव्हर म्हणतात. अर्थ 'तरीपण', पण नुसता तरीपण नव्हे. 'बट' भांडखोर आहे, तो समोरच्याचं बोलणं तोडतो, साहेबापुढे तो चालत नाही. 'नेव्हरदलेस' जड आहे, तो मोठ्या साहेबासाठी राखून ठेवायचा. तालुक्याच्या साहेबाला वापरला तर त्याला वाटतं हा आपल्यावर इंग्रजी झाडतो आहे. हाउएव्हर सगळीकडे चालतो. तो आधी समोरच्याचं कबूल करतो, मग जरा थांबतो, आणि मग हळूच आपलं म्हणणं पुढे सरकवतो. "हाउएव्हरच्या अलीकडलं साहेबाचं," तू म्हणालास, "अन् पलीकडलं आपलं. आपल्याले जे पाहिजे ते पलीकडं ठेवाचं. मानूस शेवटचं वाचलेलं ध्यानात ठेवते."

मला ते पटलं नव्हतं. आपल्यातला वाद तिथून सुरू झाला आणि तो काही संपला नाही. माझं म्हणणं, आधी कबूल करायचंच कशाला? कबूल केलं की माणूस निम्मा हरला. तुझं म्हणणं, आपण कबूल केलं नाही तर साहेब स्वतःहून ते शोधून काढतो आणि मग तेच शेवटी उरतं. इंझोरीचा तो शेतकरी आठवतो का, ज्याची गुरं सरकारी कुरणात शिरली होती? अंगठ्याआधी अर्ज त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा हा तुझा नेम. बाकीचे अर्जनवीस तेवढी तसदी घेत नसत, पण ज्याचा अंगठा त्याला मजकूर ठाऊक हवा, यावर तू अडून बसायचास. "अर्जदाराची गुरं कुरणात गेली हे खरं आहे" इथपर्यंत तू वाचलंस आणि तो गडी उठून उभाच राहिला. माझ्या तोंडून हे काहून वदवता, म्हणून तुझ्यावर धावून आला. तू त्याला हाताला धरून बसवलंस आणि म्हणालास, आता पुढचं ऐक. पुढे कुरणाचं कुंपण सरकारनेच दोन वर्षं दुरुस्त केलं नव्हतं ते होतं. त्याचा दंड माफ झाला आणि हुरड्याच्या दिवसांत तो टोपलीभर कणसं घेऊन घरी आला. तू माझ्याकडे बघून हसलास. त्या दिवशी मी वाद हरले आणि मला ते आवडलंही.

आता मी हाउएव्हरपाशी आले आहे, भाऊ, तू जिथे जरा थांबला असतास तिथे.

मी बावीस वर्षांची असेन. शेजारच्या मुलीला मी पाटीवर कित्ता घालून द्यायची. शाळा तपासायला आलेल्या मडमने ती पाटी पाहिली आणि हे कुणाचं अक्षर म्हणून विचारलं. दोन दिवसांनी निरोप आला. शेजारच्या तालुक्यात मुलींच्या एका शाळेला मास्तरीणबाई पाहिजे आहेत, शाळेच्या आवारात राहायला खोली आहे, पुढच्या वर्षी शिकायला अमरावतीला पाठवू, अर्ज मात्र इंग्रजीत करावा. मला शाळेपेक्षा त्या खोलीचंच जास्त अप्रूप वाटलं. तिला आतून कडी असेल आणि ती मी लावीन, एवढंच मी तीन दिवस डोळ्यांसमोर आणत होते.

तू जेवत असताना मी सांगितलं. तू भात कालवत राहिलास. मग म्हणालास, "देतो लिहून." मी तिथेच, ताटाजवळ, तुझ्या पाया पडले.

मसुदा तू मला दिला नाहीस. हा अर्ज टाइप करून घेऊ, मडमवर छाप पडेल, म्हणालास आणि ओळखीच्या वकिलाकडून टाइप करून आणलास. सहा वर्षांत तुझा एकही अर्ज माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. माझा तेवढा पडला. मला त्यात माझा मान वाटला, आता हसू येतं.

तू ओट्यावर बसलास, मला समोर बसवलंस आणि अशिलाला दाखवायचास तसा अर्ज वाचून दाखवलास. नेम म्हणजे नेम. "अर्जदार बालविधवा हाये, पर्कृतीनं नाजूक हाये, अन् तिनं परगावी एकटीनं राहावं हे घरच्यांले बरं वाटत नाई. हाउएव्हर, तिचं अक्षर उत्तम हाये, तिनं घरी बसून अभ्यास केला, पोरीईले शिकवाची तिले मनापासून हौस हाये." मला रडू आलं. घरच्यांना बरं वाटत नाही हे तू लिहिलंस आणि तरी पलीकडे मला ठेवलंस, याहून मोठं मन ते काय असतं, असं मला वाटलं. मी सही केली. कागदाच्या मधोमध तो शब्द दिसला, स्वल्पविरामासकट. ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. सगळं वाचण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं, पण तो शब्द जागेवर आहे म्हणजे आपलं सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले.

महिन्याने उत्तर आलं. तू ते उभ्याउभ्याच वाचलंस आणि घडी घालत म्हणालास, "जागा भरली म्हनते मडम." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तू बाजारातून इंग्रजी वाचनाचं पुस्तक आणलंस आणि म्हणालास, आता तुला अर्थही शिकवतो. रोज दिवेलागणीपर्यंत तू माझ्याजवळ बसायला लागलास. माझं मन रमावं म्हणून बसतोस, असं वहिनी म्हणाली. मीही तेच समजले. शिकवलंस मात्र उत्तम. एकेका शब्दापाशी थांबून, तो कुठे शोभतो आणि कुठे नाही ते सांगून. असा मास्तर मला कुठल्या शाळेत मिळाला नसता.

त्यानंतर सहा वर्षांनी कामरगावचा एक माणूस आपल्या जुन्या अर्जाची प्रत मागायला आला. तू कचेरीत होतास. लाल कापडात बांधलेली तुझी जुनी दप्तरं मी सोडली आणि त्याच्या कागदाखाली माझा कागद निघाला. कार्बनची प्रत, टाइप केलेली. आता मला वाचता येत होतं. तूच शिकवलं होतंस.

मजकूर तोच होता. तू वाचून दाखवलेलं सगळं त्यात होतं, एकही शब्द खोटा नव्हता, फक्त क्रम उलटा होता. आधी माझं अक्षर होतं, मग माझा अभ्यास, मग मुलींना शिकवायची हौस. मग हाउएव्हर. आणि त्याच्या पलीकडे, शेवटी, मडमच्या ध्यानात राहावं म्हणून: ती बालविधवा आहे, प्रकृतीने नाजूक आहे, आणि तिने परगावी राहणं घरच्यांस उचित वाटत नाही. खाली माझी सही. मागे टाचणीने मडमचं उत्तर लावलेलं. तुम्ही स्वतःच आपली अडचण कळवलीत, तेव्हा तुम्हाला आग्रह करणं योग्य होणार नाही, असं तिने लिहिलं होतं. आणि त्याखाली एक ओळ आणखी होती: अडचण दूर झाली तर वर्षभरात केव्हाही लिहा, जागा ठेवता येईल.

वर्षभर, भाऊ. वर्षभर ती खोली रिकामी होती, आणि तू रोज संध्याकाळी मला इंग्रजी शिकवत होतास.

कामरगावच्या माणसाला त्याचा कागद दिला. माझा मी पुन्हा दप्तरात ठेवला, पण सगळ्यांच्या वर. दुसऱ्या दिवशी तू ते दप्तर सोडलंस तेव्हा मी चुलीपाशी होते आणि दारातून मला तुझी पाठ दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही. मग तू गाठ मारलीस. जेवताना म्हणालास, वरणात मीठ जास्त पडलं. नव्हतं पडलं.

मला वाटलं, तू आज बोलशील. मग वाटलं, पाडव्याला बोलशील. अशी अकरा वर्षं गेली. मी विचारलं नाही. ज्याने केलं त्याने सांगावं, एवढा हट्ट मी धरला आणि तू तो पुरवला नाहीस. रोज तुझ्या मसुद्यांची नक्कल करत होते, रोज तो शब्द माझ्या हाताखालून जात होता, आणि कधी कधी त्याच्यावर टाक इतका दाबला जायचा की निबच फाकायचं. तू नवीन निब आणून द्यायचास. कसं फाकलं, ते विचारायचा नाहीस.

तू हे लोकांच्या भीतीने केलं असतंस तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण ज्याने न्हाव्याला परत पाठवलं तो लोकांना भिणारा नव्हता. मला हिवताप आला होता त्या साली वीस दिवस मी उठले नाही, तेव्हा तू माझ्या उशाशी बसून म्हणाला होतास, "तू पडली तं माहा हातच पडला." मला ते ऐकून ताप उतरल्यासारखं वाटलं होतं. पुढे त्या वाक्याचा खरा अर्थ लागला. तुला बहीण जायला नको होती, हे मी मानते. पण त्याहून जास्त तुला तुझं अक्षर जायला नको होतं. आणि तू मागितलं असतंस ना, नको जाऊ म्हणाला असतास, तर मी थांबलेही असते. माझ्याच सहीने मला थांबवलंस, ते मला गिळवत नाही.

पौषात तुझी उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले. लोक घरी यायला लागले. तू दोन शब्द सांगायचास, मी अख्खा अर्ज लिहायची आणि वाचून दाखवायची. रिठदचा एक म्हातारा अर्ज हातात घेऊन म्हणाला, "म्हंजे पयल्यापासून बाईच्याच हातचे होते म्हना की." मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून घेतलेस.

ती शेवटची दुपार आता लिहिते. वहिनी बालाजीच्या देवळात गेली होती. ऊन तुझ्या पायांवर आलं होतं, मी तुला चमच्याने पेज भरवत होते. तू डाव्या हाताने माझं मनगट धरलंस. इतक्या जोराने, की एवढी ताकद कुठून आली असं मला वाटलं. मग एकेक शब्द काढून बोलायला लागलास. "तुह्ये केस... राखले म्या. घरात... मानानं ठेवलं. इंग्रजी... शिकवली." धाप लागली. मग जीभ सावरून, नीट, तू नेहमी म्हणायचास तसं म्हणालास, "हाउएव्हर," आणि थांबलास.

तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. अकरा वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते.

"राहू दे भाऊ," मी म्हटलं. "पेज थंडी होऊन राह्यली."

आणि चमचा तुझ्या तोंडात घातला. तू गिळलंस आणि पुन्हा तोंड उघडलंस. मी पुन्हा चमचा घातला. वाटी संपेपर्यंत मी तुझं तोंड मोकळं राहू दिलं नाही. मग पदराने ते पुसलं, पांघरूण ओढलं आणि वाटी घासायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

त्या दिवसापासून वहिनी मला विचारते, शेवटी काय बोलले? मी सांगते, काही नाही, पेज घेतली आणि झोपले. आजारी माणसाला त्रास नको म्हणून गप्प केलं, असं मी तिला सांगू शकले असते, आणि तिने त्यावर विश्वासही ठेवला असता. पण तुला खोटं लिहिणार नाही. तू माफी मागितली असतीस तर मला ती द्यावी लागली असती, भाऊ. आणि मला ती द्यायची नव्हती.